माझ्या दारावरच्या चिठ्ठ्या

मी ओले कपडे वाळवायचं कपाट बोलतोय. तुमच्याकडे मला कोणी ओळखणार नाही, पण नॉर्वेतल्या बर्गन शहराच्या उत्तरेला, आमच्या या किनाऱ्यावर माझ्यावाचून एकाही पाळणाघराचं पान हलत नाही. पाऊस असो, चिखल असो, इथली पोरं बाहेर खेळतात म्हणजे खेळतातच. मग त्यांचे रेनकोट, लोकरीचे मोजे, हातमोजे, सगळं माझ्या पोटात. मी गरम वारा सोडत घरघरत बसायचो आणि समोरच्या बाकावरच्या गप्पा ऐकायचो.

मला आणलं आस्लाउगने, आमच्या जुन्या संचालिकेने. सकाळी ती माझ्या दाराशी उभी राहून प्रत्येक पोराच्या हातात उबदार हातमोजे द्यायची आणि तेवढ्यात आईबापांशी दोन शब्द बोलून घ्यायची. जे सांगायचं ते तोंडावर, आणि मग कॉफी. तिचा राग कोणाला आला नाही असं नाही, पण टिकला कोणाचाच नाही. काय दिवस होते ते!

आस्लाउगचे गुडघे बोलायला लागले तशी तिने आपल्या जागी सिग्रुनला पुढे केलं. सिग्रुन लहान पोरांची शिक्षिका. रडणारं पोर तिच्या मांडीवर गेलं की गप्प. ती नोकरी सांभाळून बर्गनच्या कॉलेजात संचालिकेचं शिक्षण घेऊ लागली. तिकडून आली की बाकावर बसून बजेट, कायदे, माणसांचं व्यवस्थापन असं काय काय घोकायची. शेजारी उडनी असायची, तिची जुनी मैत्रीण आणि सहकारी. ब्रेडवर तपकिरी चीज लावून दोघी अर्धा अर्धा खायच्या.

"आता तू साहेबीण होणार. मला रजा देशील ना गं?" उडनी चिडवायची.

"तुला? तुला तर आधी कामाला लावीन."

आणि तिथेच घोडं अडलं. सकाळी दार उघडायची पाळी उडनीची होती आणि त्या हिवाळ्यात ती रोज उशिरा यायला लागली. आईबाप पोरांना घेऊन पावसात ताटकळत. सिग्रुनला सगळं दिसत होतं. पण आमच्याकडच्या माणसांना एखाद्याला तोंडावर "तू चुकतेस" म्हणायचं म्हणजे मरणप्राय संकट. मग काय करतात? चिठ्ठी लावतात. छान प्लास्टिकमध्ये मढवून, खाली हसरा चेहरा काढून.

पहिली चिठ्ठी आली माझ्याच दारावर: 'सर्वांना प्रेमळ आठवण, वेळेवर येऊ या.' उडनीने ती वाचली आणि म्हणाली, "बरं केलंस. तो कामावर नवा लागलेला मुलगा फारच रेंगाळतो." नव्या मुलाला वाटलं, स्वयंपाकघरातल्या बाईसाठी आहे. बाईला वाटलं, आईबापांसाठी आहे. ज्याने त्याने चिठ्ठी दुसऱ्याच्या अंगावर ढकलली. मग दुसरी लागली, मग तिसरी. माझं दार नोटीस बोर्ड होऊन गेलं, आणि उडनी उशिरा ती उशिराच.

एके दिवशी रेइदारचा पेशन्स संपला. हा फेरीबोटीचा कप्तान. तो इथे लेकीला घेऊन दाराबाहेर भिजत उभा, आणि तिकडे धक्क्यावर गाड्यांची रांग, कारण त्याच्याशिवाय बोट सुटत नाही. आत आल्यावर त्याने लेकीची टोपी माझ्यात कोंबली आणि आस्लाउगला म्हणाला, "पालकांच्या मंडळात मीही आहे. सिग्रुनला संचालिका करायची की बाहेरून कोणी आणायची, ते आम्ही या महिन्यात ठरवणार. माझं मत आता मला विचारू नकोस."

तो गेल्यावर आस्लाउगने सिग्रुनला माझ्यासमोर उभं केलं. "कॉलेजने तुला जे शिकवलं ते मला कधी जमलं नाही. पण एवढं एक काम तुझ्यासाठी मी करणार नाही. उडनीशी तू बोलायचंस."

"ती माझी मैत्रीण आहे गं."

"म्हणून तर तू."

दुपारी पोरं झोपली होती. सिग्रुनने बाकावर बसलेल्या उडनीला गाठलं. पोरीच्या आवाजाहून माझी घरघर मोठी. "उडनी, तू रोज उशिरा येतेस. उद्यापासून हे चालणार नाही."

उडनीने तिच्याकडे पाहिलं. "त्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्यासाठी होत्या?"

"हो."

"एवढा कागद घालवलास, पण एकदा विचारलं नाहीस. आई सकाळी उठून रस्त्यावर निघून जाते. कुठे चालली, तिला कळत नाही. नर्स येईपर्यंत तिला सोडता येत नाही मला."

सिग्रुनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उठली नाही. "सकाळची पाळी मी घेते, तू दुपारची घे. पण वेळेवर."

"हे मैत्रीण म्हणून सांगतेस की संचालिका म्हणून?"

"संचालिका म्हणून."

"ठीक आहे," उडनी म्हणाली आणि डबा घेऊन आत गेली.

सिग्रुन संचालिका झाली. चांगली झाली, रेइदारही तसंच म्हणतो. सगळ्या चिठ्ठ्या तिने स्वतः खरवडून काढल्या. उडनीही पुढे कधी उशिरा आली नाही. फक्त बाकावर सिग्रुन असली की ती आत बसून जेवायची. कामापुरतं बोलणं, तेही गोड. मला ते गोड बोलणं सोसायचं नाही. वर्षं गेली तशीच.

आता माझा वारा गार पडला आहे. नवं कपाट आलं, त्याला आवाजच नाही. भंगारवाला येणार म्हणून आज सिग्रुन मला एकटीच ओढत होती. उडनीने पाहिलं आणि दुसरी बाजू धरली. अंगणात मध्यावर आल्यावर सिग्रुन म्हणाली, "तुझी आई गेली तेव्हा मी दारापर्यंत आले होते. बेल वाजवायचा धीर झाला नाही."

"माहीत आहे. खिडकीतून पाहत होते. दार उघडायचा मला झाला नाही." मग उडनी म्हणाली, "खाली ठेव हे धूड. पाठ मोडेल तुझी."

मला चिखलात टेकवून दोघी माझ्याच आडोशाला उभ्या आहेत. पाऊस पडतोय, भिजताहेत, बोलताहेत. मध्येच एक डोळे पुसते, दुसरी हसते. मंडळी, माझं आता काही मागणं नाही. एवढंच करा, भंगाराची गाडी वाटेत दिसली तर तिला जरा थांबवून धरा.