पोस्टरवरचा बदला

सूड घ्यायचा तर गुपचूप घ्यावा म्हणतात. माझा सूड उधन्यापासून चौकबाजारापर्यंत भिंतींवर चिकटवला होता. ‘बापाचा बदला! भाऊरावचा छावा भिकन विरुद्ध काशीराम पहेलवान.’ तिकिटं खपावीत म्हणून ठेकेदाराने आमच्या घरचं दुःख लाल शाईत छापलं आणि वर मलाच बजावलं, “खूप वेळ झुंजायचं, अन् शेवटी चीत व्हायचं. काशीरामची ही निरोपाची कुस्ती आहे.”

मी मुकाट्याने हो म्हणालो.

तिकिटाच्या कुस्त्या बहुतेक अशाच ठरलेल्या असत. धंद्यात त्यांना नूरा म्हणत, बाहेर मात्र कुणी कबूल करायचं नाही. बासष्ट साली माझे वडील भाऊराव आणि काशीराम असेच उतरले होते. दोघं खानदेशातून इकडे गुजरातेत गिरणीत कामाला आलेले, एका तालमीत घुमलेले, एका ताटात जेवलेले. कुस्ती बरोबरीत सोडवायची ठरली होती. नूरा कुस्तीत आपण अंग ढिलं करून समोरच्याच्या हवाली करतो आणि तो ते सांभाळतो. वडिलांनी पाय ढिला दिला. पुढच्या रांगेत मुंबईचा बडा ठेकेदार बसलेला पाहून काशीरामने तो गुडघ्यातून मोडला. त्या जोरावर तो मुंबईला गेला, नावारूपाला आला. वडील एका रंगाई कारखान्याच्या फाटकावर रखवालदार झाले.

तक्रार करायची तर कुस्ती ठरलेली होती हे सांगावं लागलं असतं. आमच्याकडे गुजराती शेजारणी म्हणतात, चोराची आई कोठीत तोंड घालून रडते. वडील तसेच रडले. लोकांना वाटे, खऱ्या झुंजीत पाय गेला. ते लंगडत निघाले की वस्तीतली माणसं उठून ‘रामराम पहेलवान’ म्हणत. तेवढ्यावर त्यांचे दिवस जात होते.

मी या धंद्यात उतरलो तो काशीरामपर्यंत पोचायला. ठेकेदार म्हणेल त्याच्याकडून हरलो, म्हणेल त्याला पाडलं. नाव झालं, आणि त्र्याहत्तर साली एकदाची जोड लागली. घरातून निघताना वडील एवढंच बोलले, “भिकन, त्यानी पाय दिधा का सोडू नको.”

कुस्तीआधी तंबूत काशीराम स्वतः आला. अंग सुटलेलं, गुडघ्यांना पट्टे. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो कसा, “पोऱ्या, मना गुडघा गया शे. जपी धर. तुना बाप माले भाऊना जागे व्हता.” त्याची जीभ हासडावी असं वाटलं. मी वाकून त्याच्या पाया पडलो.

मैदान खच्चून भरलं होतं. वडील पहिल्या रांगेत, काठी मांड्यांवर आडवी धरून बसले होते. घंटा झाली, आम्ही भिडलो, आणि ठरल्याप्रमाणे काशीरामने पाय माझ्या हातात दिला. ढिला, भरवशाने. एक पीळ दिला असता तर काम फत्ते होतं. “तोड दे!” लोक ओरडत होते. वडील काठी टेकून उभे राहिले.

पण मोडक्या पायाची किंमत मी घरातच पाहिली होती. पाय मोडला तर माणसाला मान मिळतो. काशीरामला लोकांनी खांद्यावरून नेलं असतं, जन्मभर रामराम घातला असता. ती मेहरबानी मी त्याच्यावर का करावी?

मी पाय सोडला आणि उताणा पडलो, दोन्ही खांदे टेकवून. “बसा काका छातीवर,” मी पुढच्या रांगांना ऐकू जाईल असं म्हणालो. “मी हरायचं ठरलंय ना?”

आधी हशा, मग खुर्च्या उडाल्या. “नूरा! नूरा!” काशीराम माझ्या बरगड्यांत लाथा घालत पुटपुटत होता, “ऊठ रे, ऊठ.” मी हललो नाही. माझाही धंदा तिथेच बुडाला. पुढे एकाही ठेकेदाराने मला दारात उभं केलं नाही.

गर्दीतून वाट काढत वडिलांपाशी आलो, तर लोकांनी त्यांना घेरलेलं. कुणीतरी विचारलं, “काय पहेलवान, तुमनी बी अशीच व्हती का?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नाही म्हणा, मी मनात म्हणत होतो.

“हा,” वडील मोठ्याने म्हणाले. “मनी बी ठरेलच व्हती. मी पाय ढिला सोडा, त्यानी मोडी टाका.”

लोक त्यांनाही हसले. मागून एकाने शिट्टी मारली. काल रामराम घालणारे दोघे तोंड फिरवून निघून गेले. वडील माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्या हसणाऱ्या माणसांमधून चालत राहिले.

“कशाला सांगितलंत?” रस्त्यावर आल्यावर मी विचारलं.

“त्यानं नाव पुरं बुडनं पाहिजे व्हतं,” ते म्हणाले. “मनं बी संगे गयं तं गयं.”