दार उघडंच आहे

रेडिओ केंद्राच्या सेक्रेटरींचा एकच हट्ट होता. हिवाळ्याच्या सुट्टीत केंद्र बंद आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येता कामा नये. दहा दिवस दाराला कुलूप, माणसं आपापल्या गावी आणि आत एकटा कॉम्प्युटर, पण रेडिओवर मात्र कोणीतरी बसलेलं हवं. "सुट्टीत आपल्याला ऐकतं कोण? ज्यांच्याकडे कोणी जात नाही ती माणसं," ते म्हणायचे. "त्यांना शिळं वाढायचं नाही."

म्हणून महिनाभर आधी, बाहेर अजून कोणाचे स्वेटरही निघालेले नसताना, सगळे कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचे आणि तेही ताजे असल्याचं सोंग आणून. या सोंगात रेडिओताईचा हात धरणारं कोणी नव्हतं. गावात तिला याच नावाने ओळखत. सकाळी आठ ते दहा तिचा कार्यक्रम. बाह्या सरसावून ती माइकसमोर बसायची आणि म्हणायची, "आठ वाजून दहा मिनिटं झालीयत, आणि काय ही थंडी!" सुट्टीत ते वाक्य बरोबर आठ वाजून दहा मिनिटांनीच लागायचं. मिनिटाचा फरक पडत नसे. दहाला, कार्यक्रमाच्या शेवटी, केंद्राचं ठरलेलं वाक्य असे, "मी इथेच आहे. दार उघडंच आहे, या." एरवी ते खरं होतं. सकाळी खरोखरच कोणी ना कोणी दार ढकलून आत येई. सुट्टीत ते वाक्य गाळावं असं तिने एकदा सुचवलं होतं, पण सेक्रेटरी कसले ऐकतायत! त्यांनी ते तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. "जरा मायेने म्हण," म्हणाले. तिसऱ्यांदा तिने इतक्या मायेने म्हटलं की तेही खूश झाले.

या सोंगाची सगळ्यात जास्त मजा तिचे बाबा घ्यायचे. बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली. सुट्टीत ती सकाळी त्यांच्याकडे चहाला जायची, आणि खिशातल्या छोट्या रेडिओवर तिचा आवाज सुरू झाला की ते मनगटावरच्या घड्याळात बघून म्हणायचे, "सेकंदाला बरोबर! काय खोटारडी आहेस गं, चिमणे!" मग दोघं खो खो हसत.

पण गेल्या वर्षापासून बाबांच्या डोक्यातलं एकेक सामान हरवायला लागलं होतं. चावी, चष्मा, मग आई गेली ते साल, मग आई गेली हेच. ताईला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. चार वर्षांत ती कुठे गेली नव्हती. यंदा नवरा म्हणाला, "चल, माझ्या दादाकडे चार दिवस जाऊन येऊ. काकू आहेत ना बाबांच्या शेजारी." परक्या घरात बाबा घाबरतात म्हणून त्यांना नेलं नाही. काकू सकाळ-दुपार-संध्याकाळ डोकावणार होत्या. ताईने मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला कागद चिकटवला, 'मी गावाला गेले आहे. शुक्रवारी येते.' आणि ती गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला फोन आला. फोन केंद्रासमोरच्या चष्म्याच्या दुकानदाराचा होता. केंद्राची पत्रं, निरोप सगळं तोच ठेवून घ्यायचा.

"ताई, तुमचे बाबा इथे आलेत. केंद्राच्या दारात उभे आहेत. हातात शाल आहे."

"शाल?"

"म्हणतात, चिमणी शाल विसरली, रेडिओवर सांगत होती. अर्धा-पाऊण तास दार वाजवतायत. पायात नुसत्या चपला आहेत हो, आणि इकडे रात्रभर बर्फ पडलंय."

ताईला आपलं शालीचं वाक्य आठवलं. कार्यक्रमाच्या कागदावर ते नव्हतंच, बोलण्याच्या भरात तिने आपल्या पदरचं घातलं होतं. आठ वाजून दहा मिनिटं, काय ही थंडी, आणि मी वेंधळी शाल घरीच विसरले! आपण किती छान सोंग आणतो म्हणून तेव्हा ती स्वतःवरच खूश झाली होती.

"त्यांना आत घ्या, दुकानात बसवा."

"ऐकत नाहीत ना. केंद्र बंद आहे म्हटलं तर मला घड्याळ दाखवतात. म्हणतात, तिने सांगितलेली वेळ आणि ही वेळ एकच आहे, मग ती आत नाही कशी?"

घड्याळजीचा हिशोब चोख होता.

तिने नवऱ्याला हाक मारली. त्याच्या मोबाइलवरही तिचाच कार्यक्रम चालू होता. दादाच्या घरी सगळ्यांना कौतुक, म्हणून रोज लावायचे. मोबाइलवर तो इंटरनेटवरून, अर्धं मिनिट उशिरा ऐकू यायचा. नवऱ्याने सेक्रेटरींना फोन लावला, बंद. कॉम्प्युटर बघणाऱ्या इंजिनिअरला लावला, तो संपर्काबाहेर. चावी दोघांकडेच. काकूंचा फोन त्यांच्या घरी नुसता वाजत राहिला. ताईने दुकानदाराला विचारलं, "केंद्राची वीज तोडता येईल का हो?" तो म्हणाला, "मीटर आत आहे. आणि वीज गेली तरी तुमचं चालू राहतं ना, मोठी बॅटरी बसवलीय. सेक्रेटरींनीच अभिमानाने दाखवली होती मला." परतायचं म्हटलं तरी आठ तासांची वाट, आणि बर्फामुळे गाड्या कालपासून बंद. जिकडे हात घालावा तिकडे दार लावलेलं.

"त्यांना फोन द्या," ती म्हणाली.

थोडी खुडबुड ऐकू आली. मग बाबांचा श्वास, आणि त्यामागे खिशातल्या रेडिओवर तिचाच आवाज, हसत हसत कुणाला तरी सुट्टीच्या शुभेच्छा देणारा.

"बाबा, मी बोलतेय. बाबा, घरी जा."

"थांबा हो बाई जरा," बाबा अगदी अदबीने म्हणाले. "माझी मुलगी बोलतेय रेडिओवर. मग बोलू." आणि त्यांनी फोन परत दिला.

आपल्याच आवाजापुढे आपली डाळ शिजू नये! रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता. कार्यक्रम तिचाच होता, आपण कधी गप्प बसणार हे तिला पाठ होतं. ती दुकानदाराला म्हणाली, "त्यांचा रेडिओ बंद करता येतो का बघा."

"हात लावू देत नाहीत. मघाशी लावला तर मला ढकललं त्यांनी."

"मग पावणेदहाला गाणी लागतील, लागोपाठ तीन. तेव्हा पुन्हा द्या फोन. तोवर त्यांच्या अंगावर काहीतरी घाला, मी तुमच्या पाया पडते."

"घातलाय माझा कोट. शाल मात्र घेत नाहीत. म्हणतात, तिची आहे."

पावणेदहाला गाणं लागलं. "बाबा," ती म्हणाली, आणि या वेळी मध्ये दुसरं कोणी बोलत नव्हतं.

"चिमणे! अगं कुठे आहेस? बोटं दुखली माझी दार वाजवून."

"बाबा, मी गावाला आलेय. तो कार्यक्रम आधीचा आहे, रेकॉर्ड केलेला. आपण हसायचो ना त्याच्यावर? तुम्ही मला खोटारडी म्हणायचात."

पहिलं गाणं संपून दुसरं सुरू झालं.

"मी कशाला तुला खोटारडी म्हणीन?" ते म्हणाले. आवाजात दुखावल्यासारखं काहीतरी होतं. "तू कधी खोटं बोलली नाहीस."

"बरं, नाही बोलले. पण आता घरी जा. शाल त्या दुकानात ठेवा, मी आल्यावर घेते. काकू वाट बघत असतील. जाल ना? माझ्यासाठी?"

"तुला थंडी नाही ना वाजत?"

"नाही बाबा. मला मुळीच थंडी वाजत नाहीये."

"मग ठीक आहे." तिसरं गाणं सुरू झालं होतं. "तू म्हणतेस तर जातो. हे भले गृहस्थ सोडतो म्हणतायत." तिला त्यांच्या चपला बर्फावर करकरताना ऐकू आल्या. एक पाऊल, दुसरं, तिसरं. दुकानदार म्हणत होता, "या आजोबा, इकडून, जपून." ताईने नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. दहाला तीन मिनिटं होती. फक्त तीन मिनिटांत त्यांना दुकानात नेऊन दार लावून घ्यायला हवं होतं.

"बाबा, भराभर चला. रेडिओ बंद करा बघू आता."

"करतो गं. गाणं संपू दे, तुझ्या आईचं आवडतं आहे."

"आत्ता करा, बाबा!"

गाणं संपलं. फोनमधून, बाबांच्या छातीपाशी, ती ऐकू आली. अगदी जवळून, अगदी मायेने, तिसऱ्या वेळी जमलेलं. मी इथेच आहे. दार उघडंच आहे, या.

चपला थांबल्या.

"ऐकलंस?" बाबा फोनमध्ये म्हणाले. ते तिला सांगत होते की आणखी कुणाला, तिला कळलं नाही. "आहे म्हणते."

"आजोबा, अहो आजोबा!" दुकानदार ओरडला. करकर उलटी, घाईघाईने, लांब जात राहिली. मग हाताने दार वाजवल्याचा आवाज यायला लागला, आधी हळू, मग जोरात. तिने नाव घेऊन, बाबा म्हणून, जिवाच्या आकांताने हाका मारल्या. फोन बाबांनी जाता जाता दुकानदाराच्या हातात कोंबला होता.

आणि अर्ध्या मिनिटाने, दादाच्या उबदार खोलीत, नवऱ्याच्या मोबाइलवर तेच वाक्य पुन्हा लागलं.