रस्त्यापलीकडचा मुलगा

रस्ता रुंद होण्याआधी शिवणवालीचा मुलगा पाच मिनिटांत पलीकडून चालत आईकडे यायचा. मग रस्ता आठ पदरी झाला, मधोमध छातीएवढी भिंत आली. थांब्याला जागाच उरली नाही म्हणून वस्तीतली बसही बंद झाली. आता लांबच्या पुलावरून वळसा घ्यावा लागे, आणि पुलावर टोलनाका. मुलगा त्याच नाक्यावर सुपरवायझर होता.

सुरुवातीला तो दर रविवारी गाडी घेऊन यायचा. हळूहळू महिन्यातून एकदा, मग नुसते फोन. येताना टोल, जाताना टोल, पगारात भागत नाही, असं तो म्हणायचा. आईला ते पटायचं. शेजारणींनी नाकं मुरडली की ती लेकाची बाजू घ्यायची. सुनेला दिवस गेले होते. त्याने तरी किती ओढाताण करायची?

सुनेला सातवा लागल्यावर शिवणवालीने बाळासाठी सहा झबली शिवली. लेकाला भुर्दंड नको, म्हणून स्वतःच निघाली. आधी मोठ्या थांब्यापर्यंत पायपीट, मग दोन बसगाड्या. रस्ता रुंद झाल्यापासून गाड्याच इतक्या वाढल्या होत्या की बस पूर्वीपेक्षा हळू सरकत होती. अडीच तासांनी ती नाक्यावर उतरली तेव्हा पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

साहेबांची आई आहे हे कळल्यावर कडेच्या केबिनमधल्या कारकून बाईने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. साहेब वरच आहेत म्हणाली आणि फोन लावला. केबिन लहान होती. फोनमधला आवाज शिवणवालीला स्वच्छ ऐकू आला.

"सुट्टीवर आहे म्हणून सांग. आणि पुन्हा आली तर बसवून घेऊ नकोस."

बाईने फोन ठेवला. शिवणवालीच म्हणाली, की दिवस बघून यायला हवं होतं, चूक आपलीच. टोलमुळे त्याला घरी येणं जमत नाही, म्हणून आपण आलो.

"टोल?" बाई बोलून गेली. "साहेबांना कुठला टोल? आम्हा सगळ्यांच्या घरच्या गाड्यांना पास आहे."

शिवणवालीने बाईला विचारलं, नात्यात कुणाकडे तान्हं मूल आहे का. बहिणीचं आहे, असं कळल्यावर झबल्यांची पिशवी तिने तिथेच ठेवली आणि परतीची बस धरली.

दोन महिन्यांनी मुलाचा फोन आला. मुलगी झाली होती. बाळाला धूळ सोसायची नाही, तेव्हा इतक्यात येऊ नकोस, असं त्याने सांगितलं. ती बरं म्हणाली.

दुपारी शेजारीण विचारायला आली, सूनबाईचं काय झालं. शिवणवालीने मशीन थांबवलं.

"मुलगी झाली होती," ती म्हणाली. "राहिली नाही."

बातमी वस्तीभर झाली. बायका येऊन बसल्या, कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हा मात्र ती ओक्साबोक्शी रडली, इतकी की तिला आवरताना त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर नातीबद्दल तिला कुणी काही विचारलं नाही.