दगाच्या नकला

चौऱ्याहत्तर साली सोनाबाई गाव सोडून शहरात, लिंबायतच्या मजूरवस्तीत मुलाकडे राहायला आली. आई इथे करमत नाही म्हणून रडेल, असं सुकलालला वाटलं होतं. झालं उलटंच. ती नातींना जवळ घेऊन त्यांच्या वारलेल्या आजोबाच्या, दगाच्या गोष्टी सांगू लागली. दगा म्हणे बाजारात लोकांच्या नकला करायचा. पाटलाची चाल, वाण्याचं खोकणं. ती हसून हसून खाली बसायची.

कापडाच्या लूमवरून येऊन जेवताना सुकलाल हे ऐकायचा. त्याला आठवणारा बाप घुमा सालदार होता, भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिरकावणारा. त्याला हसताना सुकलालनं कधी पाहिलं नव्हतं. मग आई सांगते तो माणूस कोण?

तो तिच्या बोलण्यावर पाळत ठेवू लागला. नाव घेताना ती अडखळते का, गालात हसते का. सुट्टीच्या दिवशी तो भेस्तानला बापाच्या चुलतभावाकडे, लोटूकाकांकडे गेला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. दगा तसा कधी दिसला नाही, काका म्हणाले. नकला करायचा तो शेजारचा सुपडू.

त्यानंतर आपला चेहरा नक्की कुणाचा, या शंकेनं सुकलालला आरशात बघवेना. शेवटी बायको, सरला, मुलींना घेऊन पाण्याला गेली असताना त्यानं विचारलं, "माय, नकला करणारा सुपडू होता ना?"

तांदूळ निवडणाऱ्या सोनाबाईला प्रश्नाच्या आतलं कळलं. पण ती चिडली नाही. सुपडू दगाकडूनच शिकला, म्हणाली. सुकलालच्या आधीचा मुलगा गेला आणि दगानं तोंड मिटलं. लोटू तेव्हा फार लहान होता.

"तुना बाप तुले थकेल भेटना," ती म्हणाली. "माले तो तरणा भेटना." सुकलालच्या वाट्याला थकलेला दगा आला होता, तिच्या वाट्याला तरणा.

सुकलालचा पुरता विश्वास बसला नाही. म्हातारपणी माणसं गोड तेवढंच लक्षात ठेवतात, असं त्यानं सरलाला सांगितलं.

पुढे एकदा जेवता जेवता तोच मुलींना सांगून गेला, की बापानं आपल्याला खांद्यावर बसवून तापी ओलांडली होती. हे तर तुम्ही कधी बोलला नाहीत, सरला म्हणाली. सुकलाल गोंधळला. आईनंच हे डोक्यात भरवलं असेल, अशा संशयानं त्यानं तिच्याकडे पाहिलं.

सोनाबाईनं नकारार्थी मान हलवली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, ती तेव्हा बरोबर नसेल, म्हणाली.

म्हणजे ही आठवण त्याची स्वतःचीच होती; उष्टा हात वाळेपर्यंत सुकलाल ताटावर बसून राहिला.