अनुभवी धावपटूसाठी

"नवशिक्यांसाठी म्हणजे? मी काय काल धावायला लागले का, सर?"

गोदावरीने हातातला कागद टेबलावर परत ठेवला. तरणतलावाच्या त्या लहानशा खोलीत क्लोरीनचा वास कोंडला होता. वेणीमाधव सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. तंत्रनिकेतनात आरेखन शिकवून निवृत्त झालेले सर आता सकाळी इथे पोहणे शिकवत, आणि बोलतानाही पट्टी लावून रेघ ओढावी तसे सरळ बोलत.

"धावण्यात नाहीस गं. पाण्यात आहेस. आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं. मध्ये थांबायचं नाही. त्याला ट्रायथलॉन म्हणतात. हा वर्षभराचा सराव आहे. सुरुवातीचे महिने नुसतं पाणी. धावणं आठवड्यातून एकदाच."

"एकदाच?"

"तुझं धावणं कुठे पळून जात नाही."

ती हसली नाही. तिने पिशवीतून दुसरा कागद काढला. कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेतून तिने तो छापून आणला होता. चार महिन्यांचा सराव, आणि वर ठळक अक्षरांत मथळा: अनुभवी धावपटूसाठी.

सरांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि तळाच्या बारीक ओळींवर बोट टेकवले. "पोहता येतं असं यात गृहीत धरलंय. उघड्या पाण्यात."

"चार महिन्यांत येईल."

मखमलाबादच्या मळ्यांतून धावत मोठी झालेली ही मुलगी क्रीडाकोट्यातून सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक झाली, त्याला बरीच वर्षे लोटली होती. भिंतीवरच्या तसबिरींत तिची पदके होती. पण अलीकडे सुरगाण्याच्या डोंगरांतल्या पोरी अनवाणी येत आणि तिला पाठ दाखवून निघून जात. गेल्या हिवाळ्यात ती नववी आली. नव्या साहेबांनी तिला बोलावून, आवाज न चढवता सांगितले, "मॅडम, यंदा राज्य पातळीवर काही आलं नाही, तर सकाळच्या सरावासाठी उशिरा यायची सवलत बंद होईल. खेळाडूंच्या यादीतून नाव कमी करावं लागेल. माझा इलाज नाही."

नोकरी जाणार नव्हती. ती लिपिक होतीच, लिपिक राहणार होती. मात्र आजवर तिला कोणी लिपिक म्हटले नव्हते. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे 'आपली धावणारी' म्हणत. ते एवढेच जाणार होते. ट्रायथलॉनला बायका फार येत नाहीत, शेवटपर्यंत पोहोचली तरी पदक पक्के, असे कोणीतरी तिच्या कानावर घातले होते.

घरी जीवन, तिचा नवरा, बाजारात न्यायच्या मेथीच्या जुड्या बांधत बसला होता.

"सर म्हणतात तो कागद घे ना," तो म्हणाला. "एक वरीस काय लय मोठं हाय का?"

"पुढच्या वर्षी यादीत नाव नसेल."

"नसलं तर नसलं. मळ्यात काय कमी पळाया लागतं? गाय सुटली का सगळं घर पळतं."

"तुला नाय कळायचं."

यादीचे कारण खरे होते, पण पुरते नव्हते. मुदत तर होतीच. त्याहून तिला तो मथळा सोडवत नव्हता. कित्येक वर्षांत कोणी तिला अनुभवी म्हटले नव्हते. वय झालेली म्हणत.

पाण्याने तिचा अनुभव विचारात घेतला नाही. फळी धरून पाय मारायला सांगितले, की बाकीच्या बायका पुढे सरकत आणि गोदावरी जागच्या जागी राही. कधी कधी तर चक्क मागे जाई.

"अगं बाई, ही तर रिव्हर्स घेती!" शेजारच्या रांगेतल्या भागीबाई ओरडल्या. गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनी त्यांना पोहायला धाडले होते. "नाव गोदावरी, अन् पाणी हिला मागं ढकलतं!"

सगळ्या हसल्या. सर काठावर बसले आणि त्यांनी तिचा घोटा धरून पाऊल ताणून पाहिले. ते वाकेना.

"वर्षानुवर्षं धावून घोटे घट्ट झालेत. जमिनीवर हेच तुझं बळ. पाण्यात मात्र पाऊल आकड्यासारखं अडकतं. सैल व्हायला वेळ लागतो, गोदावरी. अजूनही तो वर्षाचा कागद घे."

"धावले नाही तर सर, माझ्याकडे राहतं काय?"

सरांनी तिच्या हाती पुन्हा फळी दिली. ते तिला रोज शिकवत राहिले. हळूहळू ती हातांच्या जोरावर तलावाच्या फेऱ्या मारू लागली. प्रत्येक टोकाला भिंत धरायची, एक श्वास घ्यायचा, भिंतीला पाय लावून सुटायचे. ती भिंत आपल्याला किती उचलून धरते, हे तिच्या ध्यानात आले नाही.

चार महिन्यांनी आलेली स्पर्धा धरणाच्या पाण्यात होती. शिट्टी झाली आणि बायकांचा लहानसा घोळका पाण्यात शिरला. थोड्याच अंतरावर तिचे पाय खाली ओढले जाऊ लागले. तिने सवयीने हात पुढे केला. पुढे काहीच नव्हते. खाली हिरवे, खोल. काठ दोन्हीकडे सारखाच लांब. तिने पुन्हा हात टाकला, पाणी प्यायली, आणि कोणीतरी काखेत हात घालून तिला होडीत ओढून घेतले.

"पुढे जाऊ द्या," ती खोकत म्हणाली. "नंतर धावायचंय. धावणं येतं मला."

"ताई, होडीत घेतलं की संपलं," होडीवाला समजुतीने म्हणाला.

काठावर जीवन टॉवेल घेऊन उभा होता. त्याने तो तिच्या खांद्यावर टाकला. सायकलींच्या रांगेत तिची सायकल उभी होती, आणि सायकलीच्या बाजूला तिचे बूट. ओल्या पायांनी पटकन घालता यावेत म्हणून नाड्या सैल सोडलेले. एकेक बाई सायकल फिरवून परत येत होती, बूट चढवून धावायला निघत होती. गोदावरी बघत राहिली. सायकलीने पाय जड झाल्यामुळे पाऊल कोणालाच नीट टाकता येत नव्हते. यातल्या एकीनेही तिला धावण्यात गाठले नसते.

शेवटची बाई पाय ओढत समोरून गेली, मान खाली, खांदे कानांपर्यंत चढलेले.

"खांदे सोड गं!" गोदावरी एकदम ओरडली. "पायाकडं नको बघू. पुढं बघ, पुढं!"

बाईने दचकून मान वर केली. खांदे उतरले, पावलांना चाल आली, आणि ती वळणाआड गेली.

"चल, सामान घेऊ," जीवन हळूच म्हणाला.

गोदावरी खाली बसली. रिकाम्या बुटांच्या नाड्या तिने शेवटच्या भोकापासून ओढून घट्ट बांधल्या, गाठीवर गाठ मारली, आणि बूट हातात धरून ती तापलेल्या खडीवरून अनवाणी चालू लागली.