पाळण्याच्या दोरीचं फूल

नीज माझ्या मैने, माय फुलं खुडते मळ्यात
जागी होशील तवा, हात घाल तिच्या गळ्यात

सासूचा, नवसाबाईचा, हा आवाज चांगुणेच्या कानात अजून तसाच आहे. नवसाबाई जाऊन वर्षं झाली, पाळण्यातली लेक झुंबर शाळेत जायला लागली. पण त्या गळ्यातून एकदा जे निघालं ते ओवीत बसणारं नव्हतं, आणि चांगुणा हात जोडते ते त्यालाच.

सत्त्याहत्तर सालचा दसरा. मखमलाबादकडच्या मळ्यात झेंडू ओसंडत होता. कामावर जाताना तान्ह्याला मोहरीएवढी अफूची गोळी दुधात उगाळून चाटवायची, ही तिकडची घरोघरची रीत. दिली की पाळण्याच्या दोरीत एक फूल खोवायचं, म्हणजे घरातल्या दुसरीला कळतं, गोळी दिलीय. चांगुणेनं गोळी चाटवली, फूल खोवलं आणि ती खुडायला गेली.

ऊन चढल्यावर ती दूध पाजायला आली, तर झुंबर उठेना. ओठ निळसर झालेले. श्वास यायचा, मग इतका वेळ यायचाच नाही की चांगुणेचाच जीव कोंडायचा. तिच्या नवऱ्यानं, निवृत्तीनं, बाजाराला निघालेला फुलांचा टेम्पो शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या दवाखान्याकडे वळवला. बायको आणि आई दोघी मागं, फुलांच्या पाट्यांत.

डॉक्टरीणबाईंनी पापणी उचलली. बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा.

"अफू देता हिला?"

"देतो की. समदेच देतात," चांगुणा म्हणाली.

बाईंनी मुंबईहून आणून ठेवलेली कुपी फोडली, सुई टोचली. थोड्याच वेळात झुंबरनं खोल श्वास घेतला आणि टाहो फोडला. चांगुणेला ते रडणं सनईसारखं वाटलं. ती पायाशी वाकली.

"पाया नंतर पडा, आधी ऐका," बाई म्हणाल्या. "मेंदूत पंगतीसारखे पाट मांडलेले असतात. शरीराचं स्वतःचं दुखणं शमवणारं द्रव्य असतं, त्याच्यासाठी. हे पाट शास्त्रज्ञांना आत्ता कुठं सापडलेत. अफू हा आगंतुक. तो त्या पाटांवर बसतो आणि श्वासाला म्हणतो, नीज. माझ्या औषधानं त्याला उठवलं आणि ते स्वतः बसलं."

"मंग गेला म्हणायचा आगंतुक," निवृत्ती म्हणाला.

"दारातच उभाय. माझं औषध लवकर उठतं, अफू रेंगाळते. पाट रिकामा झाला की पुन्हा बसेल, पुन्हा श्वास थांबेल. आणि घरी ही सांजच्याला किरकिरते का? शिंका, घाम?"

"व्हय. आम्ही दृष्ट काढतो."

"दृष्ट नाही, सवय. रोज आगंतुक जेवला की शरीर त्याचीच वाट बघतं. पुन्हा द्यायची नाही. आता नीट सांगा, आज किती दिली? एकच असेल तर दिवस मावळेपर्यंत ठेवते नि सोडते. जास्त असेल तर रात्रभर नजरेखाली हवी, आणि आणखी कुप्या मोठ्या दवाखान्यातून मागवायला हव्यात. माझ्याकडे एकच उरलीय."

"एकच," चांगुणा म्हणाली. "फुलाची शपथ."

नवसाबाई भिंतीशी बसली होती. उजवी मूठ पदरात.

दिवस मावळायला आला. झुंबर छातीशी बिलगून पीत होती. निवृत्तीनं टेम्पोतून ओंजळभर झेंडू आणून बाईंच्या टेबलावर ठेवला. "तुमचे उपकार फिटायचे न्हाईत," म्हणाला. मग आईकडे वळला, "चल, म्हातारे. आज बोलणं इसरलीस का? गावभर तोंड चालतं एरवी."

नवसाबाई उठली, पण दाराकडे गेली नाही. लेकाच्या समोर आडवी उभी राहिली. नातीच्या छातीचं वर-खाली होणं बघत राहिली. ते आता पुन्हा संथ होत होतं.

"न्हेऊ नको रं तिला," ती म्हणाली, आणि मूठ उघडली. आत चुरगळलेलं झेंडूचं फूल होतं. "मागनं पाळण्याखाली सापडलं. दोरीत दिसलं न्हाई, म्हणून म्यां बी एक चाटवली. बाई, दोन झाल्या."