भुकटीभोवतीचं वर्तुळ

भुकटी देणाऱ्या बाबांच्या दारात सकाळी सातपासूनच रांग लागायची. तापाने फणफणलेली माणसं आणि त्यांना धरून आणणारे नातेवाईक. बाबा डोळे मिटून भुकटीची पुडी कपाळाला लावायचे आणि गरजायचे, "तीन दिवस, तीन चिमट्या! चौथ्या दिवशी घ्याल तर शक्ती उलटेल!"

आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरायचा. खोटं कशाला बोलू, मीही पाहिलं होतं. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं जंतू तपासतेय, पण घरात माझं कोण ऐकतंय?

माझी वहिनी शिवणकाम करते. लघवीला जळजळ होऊन ताप आला की ती पुडी घ्यायची. वर्षात पाच वेळा घेतली. सहाव्यांदा ताप उतरलाच नाही. दादाने तिला इस्पितळात आणलं तेव्हा जंतू रक्तात पसरले होते.

तिचा नमुना मीच तपासायला लावला. काचेच्या बशीत तिचे जंतू पसरले, वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवल्या. औषध लागू पडलं की टिकलीभोवती जंतू मरून मोकळं वर्तुळ दिसतं. दुसऱ्या दिवशी एकाही टिकलीभोवती वर्तुळ नव्हतं.

"अजून एक पुडी आहे," दादा हळूच म्हणाला. "देऊ?"

ओरडायचंही त्राण नव्हतं. मी पुडी काढून घेतली, भुकटी पाण्यात कालवली आणि दोन बश्यांवर लावली. एकीत औषधाने सहज मरणारे साधे जंतू, दुसरीत वहिनीचे. साध्या जंतूंच्या बशीत छान गोल वर्तुळ उमटलं. वहिनीच्या बशीत काही नाही. उरलेली भुकटी औषध-तपासणीला पाठवली. उत्तर आलं: अँटिबायोटिकच्या कुटलेल्या गोळ्या.

तोवर वहिनीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोन जुनी औषधं सुचवली होती. "एकेकटी हरलीत. जोडीने लावून बघ."

लावली. दोन टिकल्यांच्या मधली जागा स्वच्छ! पहिलं औषध जंतूचं कवच सैल करतं, त्यातून दुसरं आत शिरतं.

"पण कानावर परिणाम होऊ शकतो," बाई म्हणाल्या.

"होऊ दे," दादा म्हणाला. "ती जगू दे."

वहिनी जगली. डाव्या कानाने मात्र तिला आता जवळजवळ ऐकू येत नाही.

ती घरी आल्यावर दादा बश्यांचे फोटो आणि तपासणीचा कागद घेऊन थेट रांगेपुढे उभा राहिला. मी बरोबर होते.

"शक्ती कागदावर दिसत नसते!" बाबा कडाडले.

"गोळ्या दिसतात ना," दादा म्हणाला. "तीन चिमट्यांत जंतू अर्धे मरतात. जे उरतात ते निर्ढावतात, आणि माणूस परत तुमच्या दारात. माझी बायको पाच वेळा आली."

बाबा आत गेले आणि दार लावून घेतलं. रांगेत कुजबुज झाली, काहीजण निघून गेले. एक बाई मात्र माझ्याजवळ आली. "ताई, मग तुमच्या त्या दोन औषधांची पुडी मिळेल का?"

मी पायरीवर बसले. तिलाही बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.

तुम्हालाही तेच सांगते. गुण येतो तेव्हा आधी विचारा, पुडीत काय आहे? उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. जंतू तपासून मगच औषध घ्या, डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्या. ती जुनी जोडी शेवटची शिल्लक आहे. तिलाही जंतू निर्ढावले, तर बशीत ठेवायला माझ्याकडे दुसरी टिकली नाही.